आत्या आणि अणुभट्टीची बुचं

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. माझ्या आत्या करकंबच्या. नवरा गेल्यावर शेत धाकट्या दिराच्या हवाली करून त्यांनी एकुलत्या एका मुलाला वाढवलं. तो एसटीत कंडक्टर झाला, सोलापुरात बाळे भागात खोली घेऊन राहायला लागला, लग्न झालं, तरी आत्या काही गाव सोडून आल्या नाहीत. सणाला यायच्या, दोन दिवस राहायच्या, भांडी घासून पालथी घालायच्या आणि निघायच्या. माझ्याशी वाकडं कधी बोलल्या नाहीत, पण जास्त बोलल्याही नाहीत. आमची खरी ओळख झाली ती माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या आधी, आणि तीही आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये.

मी चिंचोळी एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात काम करते. आम्ही कनेक्टर बनवतो. घरात प्लग आणि सॉकेट असतं ना, तसंच, फक्त स्टीलचं, हातात घेतलं की जड लागणारं, आटे फिरवून घट्ट बसवायचं. आत सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पिना असतात. त्या पिना तारांना दाबून बसवायचं काम माझं. डोक्याला टोपी, अंगात पांढरा एप्रन, हातात मोजे घालून भिंगाखाली बघत हे करायचं. तारेचा एक केसाएवढा धागाही बाहेर राहिला तरी तो नग बाद. आयटीआय करून मी इथं लागले तेव्हा आमचा माल रेल्वेच्या इंजिनांना जायचा. मग कंपनीनं अणुवीज केंद्राच्या कामासाठी अर्ज केला, आणि पुढची काही वर्षं आमच्या मालाची नुसती परीक्षाच चालली. कुणी तो भट्टीत भाजला, कुणी हादरवला, कुणी वाफेत उकडला. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत त्याच्यावर किरणांचा मारा केला. एवढं सगळं कशासाठी, ते साहेबांनी आम्हाला एकदा समजावून सांगितलं होतं. साहेब म्हणजे आमचे कारखान्याचे प्रमुख. ते म्हणाले, "अणुभट्टीच्या इमारतीत काही बिघडलं, सगळीकडे गरम वाफ झाली, माणसाला आत जाता येईना, तरी आतलं तापमान किती, दाब किती, हे बाहेरच्यांना कळत राहिलं पाहिजे. ते ज्या तारांतून कळतं, त्या तारा आपल्या कनेक्टरनं जोडलेल्या असणार."

मंजुरी आली त्या दिवशी कंपनीत पेढे वाटले. मी घरी नवऱ्याला सांगितलं. त्याला इतका अभिमान वाटला की पुढच्याच आठवड्यात गावाकडच्या एका लग्नात त्यानं पंगतीत सगळ्यांना सांगितलं, माझी बायको अणुभट्टीचं काम करते म्हणून.

मला तेव्हा पाचवा महिना होता.

लग्नातून ही बातमी आत्यांच्या कानावर गेली ती वेगळ्याच रूपात. कुणीतरी त्यांना सांगितलं की तसल्या कामातल्या बायकांची पोरं अधू निपजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते, तर दारात आत्या. हातात एक पिशवी, आणि यावेळी पत्र्याची ट्रंकही. पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पोरी, ती नोकरी सोड."

मी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. आमच्या कारखान्यात किरण नाहीत, अणू नाही, काही नाही. आम्ही फक्त जोडायची वस्तू बनवतो, ती नवीकोरी इथून जाते. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"तू खोटं सांगतीस असं म्हणत न्हाय मी," त्या म्हणाल्या. "पण तू घरी ऱ्हा."

नवरा दोघींच्या मध्ये उभा राहून कधी आत्यांकडे, कधी माझ्याकडे बघत होता. त्याला मुक्कामी गाडीची ड्यूटी होती. "तुमचं तुम्ही ठरवा," असं म्हणून त्यानं तिकिटाचं मशीन उचललं आणि तो डेपोकडे गेला. त्याचा मला राग आला, पण हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी कंपनीच्या बसच्या थांब्यावर गेले. बस आली, मी चढले, आणि वळून बघते तर आत्या मागच्या पायरीवर. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. त्यानं बस सोडली. सबंध रस्ता आत्या माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसून होत्या. बसमधल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

गेटवर वॉचमननं अडवलं. आत्या त्याला म्हणाल्या, "माजी सून हितं कामाला हाय. ती घरी येस्तवर मी बसणार. आत बसू दे, न्हायतर हितं बसते."

शेवटी साहेब आले. मला वाटलं, आज माझी नोकरी जाणार. पण साहेबांनी त्यांना ऑफिसात नेलं, खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांच्या टेबलावर किरणांची परीक्षा होऊन परत आलेला एक कनेक्टर कागद दाबायला ठेवलेला असायचा. तो हातात घेऊन ते म्हणाले, "मावशी, हा एकच आपल्याकडे किरण खाऊन आलेला आहे. बघा, मी हातात धरलाय. साडी उन्हात वाळत घातली की तिचा रंग उडतो. पण ती साडी घरात आणली म्हणून घरात ऊन येत नाही. याचंही तसंच आहे. याचं रबर कडक झालंय, एवढंच."

आत्यांनी लांबूनच त्या वस्तूकडे बघितलं. "तुमी साड्या वाळत घालता का कदी?" त्यांनी विचारलं.

साहेब हसले. साहेबांनी मला डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं आणि तोवर साफसफाईच्या रसायनांचा वासही नको म्हणून माझं टेबल तपासणीच्या खोलीत हलवलं. आत्यांना म्हणाले, "तुम्ही कॅन्टीनमध्ये बसा. मन भरलं की घरी जा."

डॉक्टरीणबाईंनी काम चालू ठेवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. आत्यांचं मन मात्र लवकर भरलं नाही. त्या रोज यायला लागल्या. पहिले काही दिवस खिडकीजवळच्या बाकावर गप्प बसून असायच्या. मग कॅन्टीनवाल्या बाईचा लसूण सोलून द्यायला लागल्या. मग एक दिवस त्यांनी शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत लोक माझ्याआधी त्यांच्याकडे जायला लागले. आमच्या टेस्टिंग विभागात मैंदर्गीच्या एक बाई होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. घरात कन्नड, बाहेर मराठी. त्यांचं आणि आत्यांचं मेतकूट जमलं. आत्या दिसल्या की अक्का लांबूनच "बर्री, कूड्री" म्हणायच्या, म्हणजे या, बसा, आणि शेजारची खुर्ची ओढून द्यायच्या. आत्या आमच्या कनेक्टरना बुचं म्हणायच्या. "आज किती बुचं झाली गं?" असं त्या अक्कांना रोज विचारायच्या. हळूहळू कारखान्यात सगळेच बुचं म्हणायला लागले, साहेबसुद्धा, कुणी पाहुणे नसले की.

घरात मला एक गोष्ट दिसत होती. आत्या स्विचला हात लावत नसत. अंधार पडला तरी बंद दिव्याखाली बसून राहायच्या, मी येऊन बटण दाबेपर्यंत. मिक्सर असताना वाटण पाट्यावर. मला वाटायचं, खेड्यातली सवय असेल. एका रविवारी दुपारी मी भांडी घासता घासता ओल्या हातानं पाण्याच्या मोटारीचं बटण दाबायला गेले. आत्या मागून इतक्या जोरात ओरडल्या की हातातलं पातेलं खाली पडलं. त्यांनी माझं मनगट पकडलं, पदरानं माझा हात कोरडा केला, बोट न् बोट पुसलं.

मग तिथंच मोरीच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी सांगितलं. माझे सासरे विजेच्या धक्क्यानं गेले एवढंच मला माहीत होतं. नवरा त्याबद्दल कधी बोलायचा नाही, तेव्हा तो शाळेत होता.

"ऊस वाळत होता," आत्या म्हणाल्या. "लाइट पाळीनं यायची. हिरीवर मोटार, तिच्या वायरला मदीच एक जोड. सायकलच्या टूबची पट्टी गुंडाळलेली आन् वर पिशवी. आसंच असतंय सगळ्यांच्यात. मी भाकरी घेऊन गेलेली. लाइट आली म्हणून ह्येंनी पाटाच्या पाण्यातनं पाय टाकला. वायर त्याच पाण्यात पडलेली."

नळातून थेंब गळत होता, तो त्यांनी उठून बंद केला आणि परत बसल्या.

"मी धावले धरायला. लोकांनी मला मागं वढलं. लुगडं फाटलं माजं, तरी सोडलं न्हाय त्येंनी. सोडलं आस्तं तर मी बी गेले आस्ते, हे आता कळतंय. तवा लई शिव्या दिल्या त्या माणसांना."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांचा हात हातात घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना असा हात लावला होता, पाया पडणं सोडून.

"आत्या, मग तुम्हाला भीती अणूची नाही," मी म्हणाले.

"अणू बिणू मला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "वायरीचं काम म्हणल्यावर माजं काळीज थाऱ्यावर ऱ्हात न्हाय. तुजं बी, त्याचं बी," असं म्हणून त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं.

हे मी अक्कांना सांगितलं. खंडेनवमीला त्यांनी आत्यांना मुद्दाम आत बोलावून घेतलं. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा असते, घरची माणसं आत येऊन बघू शकतात. अक्का आत्यांना हाताला धरून टेस्टिंगच्या खोलीत घेऊन आल्या. तिथं एक मोठं टाकं आहे, मिठाच्या पाण्यानं भरलेलं. त्यात केबलला जोडलेला एक कनेक्टर बुडवून ठेवला होता. टाक्याभोवती जाळी, वर लाल दिवा.

"अम्मा, ह्या बुचात आता करंट हाय," अक्का म्हणाल्या. "तुमच्या हिरीवरच्या मोटारीला असतंय त्याच्यापेक्षा लई जास्त. ह्या मीटरवर बघा. पाणी आत शिरलं तर हा आकडा खाली पडतंय आणि घंटी वाजतंय."

आत्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. आकडा हलत नव्हता. त्या बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या. मग पाण्याकडे. बाहेर पूजेचा नारळ फुटला, प्रसादाची ताटं फिरायला लागली, तरी त्या तिथून हलल्या नाहीत. साहेब आम्हाला शोधत आत आले तेव्हा आत्यांनी त्यांना विचारलं, "हे बूच गावाकडं मिळत न्हाय का?"

"हे नाही मावशी," साहेब म्हणाले. "हे फार खर्चाचं आहे, आणि विहिरीवर एवढं लागतही नाही."

"मग तितं काय लागतंय?"

"जोडावर चांगली नळी बसवायची, तापवली की आवळून बसते, पाणी जाऊ देत नाही. मोटारीला अर्थिंग नीट करायचं. आणि एक ब्रेकर. करंट जमिनीत गळायला लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. हे सगळं बाजारात मिळतं."

"मिळतंय, मग बसवत का न्हायत?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सासऱ्यांचं काही माहीत नव्हतं. मी थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या विहिरीवर अजून तोच जोड आहे का?"

आत्या म्हणाल्या, "तो न्हाय. पण दुसरा तसलाच हाय."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी साहेब त्यांच्या गाडीनं आम्हाला करकंबला घेऊन गेले. गाडीत पुढं साहेब आणि नवरा, मागं मी, आत्या आणि अक्का. डिकीत खोरं, अर्थिंगसाठी तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, जोडावर बसवायची नळी आणि ब्रेकरचा डबा. नवऱ्यानं त्या दिवसाची रजा टाकली होती आणि सबंध रस्ताभर तो खिडकीबाहेर बघत होता. बोरं बघ, ऊस बघ, असं मधेच म्हणायचा.

चुलत सासऱ्यांना, म्हणजे आत्यांच्या धाकट्या दिरांना, हा सगळा खटाटोप पटला नव्हता. "इतकी वर्सं चाललंय की," ते म्हणाले.

"चाललंय म्हणून तर भ्या वाटतंय मला," आत्या बांधावरूनच म्हणाल्या. सासरे गेल्यापासून त्या विहिरीपर्यंत कधी आल्या नव्हत्या. भाकरी द्यायलासुद्धा बांधापर्यंतच यायच्या. त्या दिवशीही बांधावरच्या चिंचेखाली बसल्या. मला त्यांनी शेजारी बसवून घेतलं, वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही म्हणून.

नवऱ्यानं आणि चुलत सासऱ्यांनी खड्डा खणला. साहेबांनी बाह्या वर करून पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ घातलं. अक्कांनी जुना जोड कापून काढला. पिशवीच्या आत ट्यूबची पट्टी चिकट होऊन वितळली होती, आतली तार काळी पडलेली. अक्कांनी तो तुकडा चुलत सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, मग खोरं उचलून खड्ड्यात आणखी माती लोटायला लागले.

सगळं बसवून झाल्यावर मोटार चालू करून साहेबांनी सांगितलं की ब्रेकरवर एक छोटं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं. दाबल्यावर वीज तुटली पाहिजे. तुटली नाही तर ब्रेकर बदलायचा. ते नवऱ्याला हे दाखवत होते, तेवढ्यात आत्या माझ्याजवळून उठल्या. बांध उतरल्या, वाफ्याच्या कडेकडेनं चालत विहिरीपर्यंत गेल्या. नवरा पुढं झाला, तर अक्कांनी त्याला हातानं थांबवलं.

आत्यांनी बोटाला पदराचं टोक गुंडाळलं. "कुटलं बटण?"

साहेबांनी दाखवलं. आत्यांनी दाबलं. खट् आवाज झाला आणि मोटार थांबली. पाटातलं पाणी हळूहळू ओसरलं.

"परत चालू करा," त्या म्हणाल्या.

चालू केलं. त्यांनी परत दाबलं. परत खट्. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. नवरा विहिरीच्या काठावर पाठमोरा बसला होता. त्याचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. शेवटी चुलत सासरे हळूच म्हणाले, "वहिनी, पाणी द्यायचंय की रानाला. लाइट जाईल." तेव्हा कुठं त्या बाजूला झाल्या, आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.

जेवायला सगळे चिंचेखाली बसलो. शेजारच्या रानातली माणसं काय चाललंय बघायला आली होती. पुढं त्यातल्या काहींनी तसंच करून घेतलं, काहींनी बघू म्हणून सोडून दिलं. आत्या अजूनही गावाला गेल्या की त्यांना विचारतात, आणि त्या लांबून दिसल्या की काही लोक वाट बदलतात असं चुलत सासरे सांगतात.

त्यानंतर आत्यांनी माझ्याबरोबर कंपनीत येणं बंद केलं. "जा तू," म्हणाल्या, "मी सैपाकाचं बघते." कॅन्टीनवाल्या बाईला करमेना, चटणीची चौकशी व्हायला लागली, म्हणून त्या मधूनमधून डबा भरून पाठवायच्या.

थंडीत मला मुलगी झाली. मला जाग आली तेव्हा आत्या खिडकीच्या उजेडात बाळाचं दुपटं उघडून बघत होत्या. हाताची बोटं, पायाची बोटं, कान, पाठ, सगळं. त्यांना वाटलं मी झोपेत आहे. मग दुपटं नीट गुंडाळून त्यांनी बाळ माझ्या कुशीत ठेवलं आणि मी डोळे उघडल्यावर म्हणाल्या, "गोरी हाय." मी काही बघितलं असं त्यांना कळू दिलं नाही.

मी रजेवर असतानाच पहिला माल गेला. साहेबांनी लाकडी खोक्यांचा फोटो मोबाइलवर पाठवला. त्यातल्या कितीतरी पिना मी बसवलेल्या होत्या. आत्यांनी फोन जवळ धरून, लांब धरून फोटो बघितला. "पोचली का बुचं?" असं मग त्या चार-पाच दिवस मला विचारत राहिल्या, एखादी मुलगी सासरी पोचली का विचारावं तसं. पोचली म्हटल्यावर त्यांनी गोडाचा शिरा केला.

रजा संपली. मी नोकरी सोडावी की नाही, हा विषय घरात निघालाच नाही. आत्यांची ट्रंक आमच्या पलंगाखाली कायमची सरकली होती. पहिल्या दिवशी मी एप्रन घालून टेबलाशी बसले, पण लक्ष लागेना. भिंगाखालची तार पुसट व्हायची, डोळे पुसायचे, परत बघायचं. अक्कांनी ते बघून मला चहाला बाहेर पाठवलं. मी शेडच्या सावलीत उभी राहून घरी फोन लावला. बऱ्याच वेळानं आत्यांनी उचलला.

"काय करतीय ती?" मी विचारलं.

"झोपलीय," आत्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "दूध पिली, खेळली, आत्ताच डोळा लागलाय. तू आता फोन करू नको, उठंल ती."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.